साम्राज्य कोणत्या मजल्यावर?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या आवारात स्टर्लिंग हॉल नावाची इमारत आहे. १९७० साली तिची वाटणी अशी होती: तळघरात आणि त्याच्या लगेच वरच्या मजल्यावर भौतिकशास्त्र विभाग, आणि त्याहून वरच्या मजल्यांवर 'आर्मी मॅथेमॅटिक्स रिसर्च सेंटर', म्हणजे अमेरिकी लष्कराच्या पैशावर चालणारं गणित संशोधन केंद्र. छप्पर एक, पत्ता एक.

२४ ऑगस्टच्या पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी या इमारतीला खेटून उभी केलेली एक चोरीची फोर्ड व्हॅन उडवण्यात आली. आत दोन हजार पौंडांच्या आसपास स्फोटकं होती. व्हॅनचे तुकडे तीन चौक पलीकडच्या आठमजली इमारतीच्या गच्चीवर सापडले. आसपासच्या २६ इमारतींना इजा झाली आणि नुकसान वीस लाख डॉलरच्या वर गेलं. उडवणारे चौघे व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे तरुण, आणि त्यांचा निशाणा गणित केंद्राचा होता. उद्ध्वस्त झाला तो मुख्यतः भौतिकशास्त्र विभाग. तळघरातल्या प्रयोगशाळेत रात्री काम करत असलेला रॉबर्ट फासनाख्त हा ३३ वर्षांचा संशोधक मारला गेला. त्याचा विषय अतिवाहकता. वरच्या मजल्यांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. घरच्यांबरोबर सुट्टीवर जायचं होतं, म्हणून हातातलं काम उरकायला तो थांबला होता. मागे बायको आणि तीन लहानगी मुलं राहिली.

ही घटना सहसा दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत डाव्या प्राध्यापकांनी पोरांची डोकी भडकवलेली असतात आणि पोरं खुनापर्यंत गेलेली असतात. दुसरीत व्हिएतनाम युद्धाने सगळ्यांनाच वेड लावलेलं असतं आणि हे त्यातलंच एक वेड असतं. दोन्ही गोष्टी ऐकायला सोयीच्या, आणि दोन्हींतून मधली दहा-बारा वर्षं गळून पडतात. या वर्षांत मॅडिसनमध्ये डाव्यांनी एक अवघड प्रश्न लावून धरला होता: जे विद्यापीठ स्वतःला तटस्थ म्हणवतं, त्याचा साम्राज्याशी नेमका सांधा कुठे जुळतो? या प्रश्नाला तीन-चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली. त्यांतलं सगळ्यांत वाईट उत्तर तेवढं जगाच्या लक्षात राहिलं.

पाखडणाऱ्यांचं विद्यापीठ

या विद्यापीठाला स्वतःच्या उदारपणाचा अभिमान होता आणि त्याला कारणही होतं. १८९४ साली रिचर्ड इली या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर समाजवाद शिकवल्याचा आणि संपांना फूस लावल्याचा आरोप झाला. नियामक मंडळाने चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं आणि अहवालात एक वाक्य लिहिलं. सत्य जिथून सापडतं ते निर्भयपणे सतत चाळत-पाखडत राहणं या विद्यापीठाने सोडू नये, असा त्याचा आशय. १९१० साली बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य कोरलेली पाटी विद्यापीठाला भेट दिली. मंडळाला ती नकोशी झाली. बास्कम हॉलच्या भिंतीवर ती लागायला १९१५ उजाडलं. स्वातंत्र्याची घोषणा लिहून ठेवायची आणि कोणी ती भिंतीवर लावायला सांगितली की पाच वर्षं टाळाटाळ करायची, हा स्वभाव पुढेही दिसतो.

युद्धाच्या बाबतीत तर तो लगेचच दिसला. विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९१७ मध्ये अमेरिकेच्या महायुद्धात उतरण्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी याच विद्यापीठातल्या चारशेहून अधिक प्राध्यापकांनी त्यांचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सह्या केल्या. ला फॉलेट हे या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. राज्याच्या कारभारात विद्यापीठाला मानाचं पान देणारे गव्हर्नरही तेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या इतिहास विभागात एक वेगळी परंपरा रुजली. फ्रेड हार्वे हॅरिंग्टन हे राजनयाच्या इतिहासाचे प्राध्यापक. विल्यम ॲपलमन विल्यम्स त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९५७ मध्ये शिकवायला इथेच परतले. वॉल्टर लाफेबर, लॉइड गार्डनर, थॉमस मॅकॉर्मिक हे पुढे नावाजलेले इतिहासकार याच तालमीतले. विल्यम्स म्हणजे कोणी चहाच्या पेल्यातले क्रांतिकारक नव्हते. नौदल अकादमीतून शिकून दुसऱ्या महायुद्धात अधिकारी म्हणून काम केलेला हा माणूस. १९५९ साली त्यांनी मांडलेलं सूत्र थोडक्यात असं: अमेरिकेने ब्रिटनसारख्या वसाहती फारशा केल्या नाहीत म्हणून ती साम्राज्य नाही असं नाही. १८९९-१९०० मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी चीनबाबत 'खुल्या दरवाजा'ची मागणी केली, म्हणजे सगळ्या देशांना तिथे व्यापाराची सारखी मुभा हवी असं म्हटलं. या मागणीतच नव्या साम्राज्याचा आराखडा आहे. ज्याचा कारखाना सर्वांत मोठा, त्याला दरवाजा उघडा असला की पुरे. कुलूप आणि चावी कोणाकडे का असेना. देशातल्या मंदीवर आणि असंतोषावर तोड म्हणून बाहेर बाजार शोधत राहायचं, ही सवय उद्योगपतींइतकीच शेतकऱ्यांना आणि उदारमतवाद्यांनाही लागली होती, असं ते दाखवत.

या मांडणीतलं एक टोक महत्त्वाचं आहे. तिच्यात खलनायक सापडत नाही. साम्राज्य कुठल्या एका कार्यालयात बसलेलं नसतं. ते भाकरी, नोकरी, बाजारभाव आणि भल्या हेतूंमध्ये विरघळलेलं असतं. वाचणाऱ्याला हे अस्वस्थ करतं, कारण मग दगड मारायचा तर कुणाला? १९५९ मध्येच इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी 'स्टडीज ऑन द लेफ्ट' नावाचं नियतकालिक काढलं. ते या अस्वस्थतेचंच अपत्य.

आणि हॅरिंग्टन? ते १९६२ मध्ये संपूर्ण विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. साम्राज्याचा इतिहास खोदणाऱ्यांचा गुरू आता लष्कराच्या करारांवर सह्या करणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्तच झालं.

परीक्षेचे गुण आणि बंदूक

मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी रात्रभर व्हिएतनामवर व्याख्यानं आणि चर्चा घडवल्या. आठवड्याभरात, १ एप्रिलला, मॅडिसनने तसाच कार्यक्रम केला. इथवर सगळं ज्ञानाच्या मर्यादेत होतं: युद्ध तिकडे, आणि आपण इथे बसून त्याचा अभ्यास करणारे.

ही मर्यादा मे १९६६ मध्ये ओलांडली गेली, आणि ओलांडली ती परीक्षा विभागाने. सक्तीच्या लष्करभरतीतून विद्यार्थ्यांना सवलत होती, पण भरती मंडळं आता वर्गातला क्रमांक मागू लागली होती. क्रमांक खाली, तर सवलत धोक्यात. तो मंडळापर्यंत पोचवण्याची सोय विद्यापीठाकडे होती. म्हणजे इतिहासाच्या पेपराला एखाद्या प्राध्यापकाने 'ब' ऐवजी 'क' दिला, तर त्याचा शेवट भातखाचरात होऊ शकत होता. विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत ठिय्या दिला. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत नेमका आणि सर्वांत कमी आठवला जाणारा क्षण आहे. साम्राज्याचा पत्ता शोधताना डाव्यांना तो इथे अगदी बरोबर सापडला होता: गुणपत्रिका ठेवायच्या कपाटात. शिवाय या प्रश्नात वर्गाचाही प्रश्न दडलेला होता. जे विद्यापीठात पोचलेच नाहीत, त्यांना सवलत नव्हतीच. आंदोलन करणारा विद्यार्थी ज्या युद्धाविरुद्ध बोलत होता, त्या युद्धापासून त्याला वाचवणारी ढाल त्याच व्यवस्थेने त्याच्या हाती दिली होती. काहींना हे टोचत होतं आणि ते उघड बोलतही होते.

डाऊ

मग नेपामची पाळी आली. नेपाम म्हणजे कातडीला चिकटून जळत राहणारं पेट्रोलचं रसायन. डाऊ केमिकल ते लष्कराला पुरवत होती. कंपनीच्या एकूण विक्रीत त्याचा वाटा नगण्य होता. घरोघरी डाऊ ओळखली जायची ती अन्न गुंडाळायच्या पारदर्शक कागदासाठी. या कंपनीचे अधिकारी नोकरीच्या मुलाखती घ्यायला आवारात येत. फेब्रुवारी १९६७ मध्ये पहिली निदर्शनं झाली आणि निभावली. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा आले. १७ तारखेला शांततेत फेरी निघाली. १८ तारखेला काहीशे विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या इमारतीत मुलाखतींची वाट अडवून बसले.

विद्यापीठाचा युक्तिवाद सरळ होता. आम्ही कोणाच्या बाजूचे नाही. 'पीस कोअर' या सरकारी स्वयंसेवक संस्थेला आवारात यायची मुभा आहे, तशी डाऊलाही आहे. निदर्शनं करा, वाट अडवू नका. डाव्यांचं उत्तर असं की मुलाखत घेणं म्हणजे मत मांडणं नव्हे, तो धंदा आहे, कारखान्यासाठी माणसं गोळा करणं आहे; त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण कसलं? हा वाद मला आजही सुटलेला वाटत नाही. मुभा सर्वांना सारखी, हे ऐकताना विल्यम्सच्या वर्गात बसलेल्यांना जॉन हे यांचा 'खुला दरवाजा' आठवला असेल तर नवल नाही. पण दुसरी बाजूही कच्ची नाही: मला न पटणाऱ्या नोकरीसाठी मुलाखत द्यायला निघालेल्या वर्गमित्राची वाट मी अंगाने अडवली, तर उद्या माझ्या सभेची वाट कोण अडवणार नाही?

मॅडिसन आवाराचे प्रमुख, कुलपती विल्यम सेवेल समाजशास्त्रज्ञ होते, स्वतः युद्धाच्या विरोधात होते, आणि पदावर येऊन त्यांना काही महिनेच झाले होते. बोलणी फिसकटली. दुपारी मॅडिसन शहराचे पोलीस लाठ्या घेऊन आत शिरले. अरुंद मार्गिकेत बसलेल्या मुलांवर लाठ्या पडल्या, बाहेर जमलेल्या हजारोंवर अश्रुधूर सोडला गेला. या आवारात अश्रुधूर वापरण्याची ती पहिलीच वेळ. दोन्ही बाजूंचे कितीतरी जण जखमी होऊन दवाखान्यात पोचले. कालपर्यंत राजकारणाशी देणंघेणं नसलेली मुलं संपावर गेली. पुढच्या वर्षी सेवेल पद सोडून अभ्यासाकडे परतले.

आदल्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, व्हिएतनाममध्ये ओंग थान इथे एक अमेरिकी तुकडी कोंडीत सापडली आणि ६४ सैनिक मेले. मॅडिसनमधल्या कुणाला त्या दिवशी ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्या सैनिकांत मॅडिसनच्या आंदोलकांच्याच वयाची मुलं होती.

निम्मा वेळ

आता वरच्या मजल्यांकडे. गणित केंद्र १९५६ मध्ये सुरू झालं. १९६३ पासून जे. बार्कली रॉसर संचालक होते. तर्कशास्त्रात रस असणाऱ्यांना हे नाव चर्च-रॉसर प्रमेयामुळे ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अग्निबाणांच्या उड्डाणाच्या गणितावर काम केलं होतं. केंद्राचं म्हणणं असं की इथे शुद्ध गणित चालतं, निकाल खुल्या नियतकालिकांत छापले जातात, गुप्त असं काही नाही.

'डेली कार्डिनल' या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने ते म्हणणं तपासायचं ठरवलं. जेम्स रोवेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केंद्राने लष्कराला पाठवलेले तिमाही अहवाल मिळवले आणि लेखमाला चालवली. गुप्त कागद फोडणं वगैरे काही नाट्य त्यात नव्हतं, होतं ते चिकाटीचं वाचन. करारात लिहिलेलं होतं की केंद्राच्या गणितज्ञांनी किमान निम्मा वेळ लष्कराच्या कामाला द्यायचा. अहवालांत नोंदी होत्या: लष्कराच्या कोणत्या विभागाला कुठल्या प्रश्नावर सल्ला दिला याच्या. शुद्ध गणिताला इतक्या भेटीगाठी लागत नाहीत.

इथे एक कायदेशीर पेच आला, ज्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. १९६९ च्या शेवटी सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांच्या पुढाकाराने काँग्रेसने संरक्षण खात्याच्या निधीच्या कायद्यात एक कलम घातलं: ज्या संशोधनाचा लष्करी कामाशी थेट आणि उघड संबंध नाही, त्यावर हा पैसा खर्चता येणार नाही. झालं. लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक केंद्राला आता दोन तोंडांनी बोलणं भाग पडलं. वॉशिंग्टनकडे तोंड करून 'आमचं काम लष्कराच्या थेट उपयोगाचं आहे' म्हणायचं आणि आवाराकडे वळून 'उपयोगाशी आमचा संबंध नाही' म्हणायचं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. डाव्यांच्या हातात एवढा धारदार मुद्दा त्या काळात दुसरा नव्हता, आणि तो कायद्यातून, करारातून, सरकारी अहवालातून आलेला होता. प्राध्यापकांच्या सभेत तो नीट लावून धरता आला असता. करार मतदानाला टाका म्हणता आलं असतं. १८९४ च्या त्या पाटीचा अर्थ हाच तर होता: पाखडा.

पण पाखडायला वेळ लागतो, आणि १९७० च्या वसंतात वेळ कोणाकडेच नव्हता. एप्रिलच्या अखेरीस निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवलं. ४ मेला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले, १५ मेला जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी दोन तरुण. मॅडिसनमध्येही रस्त्यांवर अश्रुधूर होता. हॅरिंग्टन यांनी त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला. विल्यम्स तर १९६८ मध्येच ओरेगॉनला निघून गेले होते. नव्या डाव्यांच्या तऱ्हा त्यांना पटेनाशा झाल्या होत्या. साम्राज्य म्हणजे काय हे ज्याने शिकवलं तो वर्ग सोडून गेला, आणि विद्यार्थ्यांच्या हातात धडा अर्धाच उरला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण या वर्षांचं वर्णन नुसतं धूर आणि काच असं केलं की ती झाकली जाते. याच काळात, याच आवारात, दोन लढे जिंकले गेले. फेब्रुवारी १९६९ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी १३ मागण्यांसाठी संप पुकारला. गव्हर्नरांनी नॅशनल गार्डचे सुमारे दोन हजार सैनिक बोलावले, तरी पुढच्या वर्षी आफ्रो-अमेरिकन अभ्यासाचा विभाग उभा राहिला. १९७० च्या वसंतात अध्यापक-सहायकांच्या संघटनेने २४ दिवसांचा संप करून विद्यापीठाशी लेखी करार मिळवला. त्यात कोणी कोणाला उडवलं नव्हतं. मागण्या कागदावर होत्या, आणि त्या मान्य करू शकणारा माणूस समोर बसलेला होता.

चौघे

कार्ल आर्मस्ट्राँग, वय २३. त्याचा धाकटा भाऊ ड्वाइट, १९ पूर्ण व्हायला पाच दिवस कमी. डेव्हिड फाइन, १८. लिओ बर्ट, २२, विद्यापीठाच्या नौकानयन संघातला. फाइन आणि बर्ट 'कार्डिनल'साठी लिहायचे, म्हणजे ज्या कचेरीत ते अहवाल वाचले गेले तिथेच त्यांचं येणं-जाणं होतं.

१९६९ सरताना, नववर्षाच्या रात्री, आर्मस्ट्राँग भावांनी एक छोटं विमान पळवून बॅरबूजवळच्या बॅजर दारूगोळा कारखान्यावर घरगुती बॉम्ब टाकले. एकही फुटला नाही. त्या रात्रीवरून त्यांना 'न्यू इयर्स गँग' हे नाव पडलं. त्याच सुमारास कार्लने लष्करी प्रशिक्षणाच्या जागा पेटवायचा प्रयत्न केला, आणि एकदा लष्करभरतीचं कार्यालय समजून माकडांवर संशोधन होणाऱ्या प्रयोगशाळेला आग लावली. पत्ता चुकण्याची सवय स्टर्लिंग हॉलच्या आधीची आहे.

त्यांच्या बाजूने नेहमी सांगतात त्या दोन गोष्टी अशा. वेळ पहाटेची निवडली, म्हणजे कोणी नसावं. आणि स्फोटाच्या काही मिनिटं आधी पोलिसांना फोन करून इशारा दिला. दोन्ही खऱ्या आहेत. पण ज्या विभागात प्रयोग रात्रंदिवस चालतात तिथे पहाटेचे पावणेचार ही काही निर्जन वेळ नव्हे. विद्यापीठात चार दिवस काढलेल्या कोणालाही हे कळतं. राहिला इशारा. लक्ष्य लष्करी होतं, सूचना दिली होती, माणूस गेला तो अपघाताने: असं बोलणारे त्या काळी आणखी कोण होते, हे युद्धविरोधकांना सांगायची गरज नव्हती. व्हिएतनाममधल्या गावांवर आधी पत्रकं टाकून मग बॉम्ब टाकले जात, तेव्हा लष्कराचा बचाव शब्दशः हाच असे. तो बचाव खोटा आहे हे डाव्यांनी पाच वर्षं घसा फोडून सांगितलं होतं.

कोर्टात उभं राहिलेलं युद्ध

कार्ल फेब्रुवारी १९७२ मध्ये टोरांटोत पकडला गेला. फाइन १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात, ड्वाइट १९७७ मध्ये पुन्हा टोरांटोतच. लिओ बर्ट आजतागायत सापडलेला नाही.

कार्लने गुन्हा कबूल केला, त्यामुळे खटला चाललाच नाही. १९७३ च्या शरद ऋतूत सुनावणी झाली ती फक्त शिक्षा किती याची. बचाव पक्षाने ती युद्धावरच्या सुनावणीत बदलली. साक्षीदारांमध्ये प्रिन्स्टनचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड फॉक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा त्यांनी दाखला दिला. राज्य गुन्हेगारी युद्ध करत असेल, तर नागरिकाला त्याचा प्रतिकार करण्याचा हक्क आहे, कदाचित ते कर्तव्यही आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि हिंसक मार्गाने विरोध केलेल्यांनाही माफी मिळावी अशी त्यांची मागणी होती.

युद्ध आणि जागतिक न्याय यांवरचा डाव्यांचा विचार इथे कसाला लागतो, म्हणून थोडं थांबतो. न्यूरेंबर्गचा आधार घेणं चूक नव्हतं. 'वरून हुकूम होता' हा बचाव तिथे नाकारला गेला, म्हणजे वैयक्तिक जबाबदारी मानली गेली. पण ती मानली तर तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट घरात येते. युद्धाचे जे नियम मोडल्याबद्दल तिथे माणसं दोषी ठरली, त्या नियमांचा गाभा हा की लढणारा आणि न लढणारा यांत फरक करायचा. प्रतिकार करणाऱ्याने हा फरक मोडला, तर न्यूरेंबर्ग त्याच्या बाजूने बोलत नाही, त्याच्याविरुद्ध बोलतं. फॉक यांचा पूर्वार्ध मला मान्य आहे. त्यातून फासनाख्तच्या मृत्यूबद्दल सवलत कशी निघते, हे मला कधीच उमगलेलं नाही. वरच्या मजल्यावरचा कोणी मेला असता तर? तिथेही उत्तर सोपं नाही. समीकरण सोडवून सल्ला देणारा गणितज्ञ लढणारा की न लढणारा? 'कार्डिनल'ची लेखमाला याच प्रश्नापर्यंत आली होती. स्फोटानंतर तो विचारण्याची सोय उरली नाही. त्याचा उच्चार केला तरी लोकांना व्हॅन दिसू लागली.

कार्लला २३ वर्षांची शिक्षा झाली. १९८० मध्ये तो सुटला, मॅडिसनलाच राहिला, आणि विद्यापीठाजवळ फळांच्या रसाची गाडी चालवून त्याने पोट भरलं. बाकी दोघांना सात-सात वर्षांची शिक्षा झाली; प्रत्येकी तीनेक वर्षं भोगून ते बाहेर आले.

मजले रिकामे झाले तरी

गणित केंद्र बंद पडलं नाही. ते पुढे दुसऱ्या जागी हलवण्यात आलं आणि लष्कराच्या पैशावर बरीच वर्षं चालत राहिलं. उलट त्या शरद ऋतूत मॅडिसनमधलं आंदोलन मात्र ओसरलं. शेजारच्या बाकावर कोण बसलं आहे याची लोकांना धास्ती वाटू लागली होती.

ज्यांनी शांततेच्या मार्गाने लष्कराशी फारकत मिळवली, त्यांचं काय झालं? स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७० मध्ये लष्करी कामं करणारी आपली संशोधन संस्था, एसआरआय, वेगळी काढली. एमआयटीने १९७३ मध्ये क्षेपणास्त्रांच्या दिशादर्शनावर काम करणारी ड्रेपर प्रयोगशाळा स्वतंत्र केली. विद्यापीठांचे हात धुऊन निघाले आणि काम कुंपणापलीकडे तसंच चालू राहिलं. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला तिथे दरवाजाही उरला नाही. आवार स्वच्छ झालं की न्याय झाला, हा समज डाव्यांमध्येही खोलवर होता. विल्यम्सच्या विद्यार्थ्यांना तरी तो व्हायला नको होता.

मॅडिसनमध्येच एक दुसरी वाट चालू होती. तिच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही इतकी ती कंटाळवाणी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून इथला एक छोटा गट दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीत कोणत्या अमेरिकी कंपन्यांचा पैसा आहे आणि त्या कंपन्यांत विस्कॉन्सिनचा किती, याचा हिशेब लावत बसला होता. समभागांच्या याद्या, वार्षिक अहवाल, पत्रकं. राज्याच्या कायद्यात एक जुनी तरतूद होती की भेदभाव करणाऱ्या कंपन्यांत विद्यापीठाने पैसे गुंतवू नयेत. १९७७ मध्ये राज्याचे महाधिवक्ता ब्रॉन्सन ला फॉलेट यांनी मत दिलं की दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांतली विद्यापीठाची गुंतवणूक या तरतुदीचा भंग करते. आडनाव योगायोगाचं नाही: १९१८ मध्ये ज्यांच्याविरुद्ध चारशे प्राध्यापकांनी सह्या केल्या, त्या रॉबर्ट ला फॉलेट यांचे हे नातू. १९७८ मध्ये नियामक मंडळाने नाइलाजाने समभाग विकायला काढले. त्याआधीच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या चिमुकल्या हॅम्पशर कॉलेजने असा निर्णय घेतला होता. एवढ्या मोठ्या सरकारी विद्यापीठाने घेतलेला हा पहिल्या काही निर्णयांपैकी एक. यानंतर दशकभर ही लाट आवारामागून आवार घेत गेली.

समभाग विकल्याने वर्णभेद कोसळला असं कोणी म्हणू नये. तो कोसळायला दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी रक्त सांडलं. पण साम्राज्याशी विद्यापीठाचा सांधा कुठे जुळतो, या जुन्या प्रश्नाला मॅडिसनने दिलेल्या उत्तरांत हे एक अचूक होतं. तो सांधा खजिनदाराच्या वहीत होता.

स्टर्लिंग हॉल आजही उभा आहे. फासनाख्तच्या नावाची पाटी तिथे १८ मे २००७ रोजी लागली. बास्कम हॉलवरच्या पाटीला पाच वर्षं लागली होती, हिला छत्तीस.